रकान्यात न मावणारी माणसे

नववीच्या वर्गाला आम्ही मराठीचा निबंध घातला होता. विषय अगदी साधा : 'माझी आजी'. आमची शाळा उर्दू माध्यमाची, अंधेरी-जोगेश्वरीच्या बाजूची. दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या आणि तिसऱ्या वहीपाशी आमचा हात थांबला. तिन्ही वह्यांत आजी एकच होती. ती पहाटे उठत होती, तुळशीला पाणी घालत होती, हरिपाठ म्हणत होती आणि नातवंडांना लाडू देत होती. भाषा शुद्ध, ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही. तीन मुलींपैकी एकीची आजी महाड तालुक्यातली, दुसरीची सोलापूरची आणि तिसरीची आझमगडची. तिघीही पाच वक्ताच्या नमाजी.

मुलींना विचारले तेव्हा त्यांनी लपवले नाही. मोबाईलवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला निबंध लिहायला सांगितला, तिने लिहून दिला. आम्ही रागावलो नाही. तुळशीला पाणी घालणारी आजी आम्हाला परकी नाही. चाळीत आमच्या शेजारी तीच राहते आणि ईदला शिरखुर्म्याची वाटी तिच्याकडे आधी जाते. पण ती शेजारची. आमची आजी कुठे गेली?

कुतूहल म्हणून आम्ही तोच प्रश्न त्याच यंत्राला उर्दूत घातला. आता आजी बदलली. ती पानदान उघडून बसली, लखनवी अदबीने बोलू लागली, शेर ऐकवू लागली. मराठीत विचारले तर मुसलमान नाही, उर्दूत विचारले तर मराठी नाही! तांदळाची भाकरी थापणारी, सुकट भाजणारी, लग्नघरात कोकणी बोलीतली गाणी म्हणणारी आणि अजान होताच डोक्यावर पदर घेणारी आजी त्या यंत्राला कुठेच सापडली नाही.

हा दोष केवळ यंत्राचा आहे काय? आम्हाला तसे वाटत नाही. यंत्र नवे आहे, पण त्याने दाखवलेला रकाना फार जुना आहे. त्या रकान्याचा इतिहास आपण समजून घेतला पाहिजे.

आयोग आणि शिरगणती

हिंदुस्थानात पहिली शिरगणती १८७२ साली सुरू झाली. पुढे दर दहा वर्षांनी सरकारी कारकून दारात येऊ लागला. धर्म कोणता, भाषा कोणती, जात कोणती? एका रकान्यात एकच उत्तर. आठवडी बाजारात मराठी, मशिदीत अरबी, मौलवींशी दख्खनी आणि घरात कोकणी बोलणाऱ्या माणसाने कोणते उत्तर द्यायचे?

१८८२ साली हंटर शिक्षण आयोग बसला. मुसलमानांच्या शिक्षणाची त्याने स्वतंत्र दखल घेतली, हे त्याचे श्रेय मान्यच केले पाहिजे. प्राथमिक आणि मध्यम शाळांत मुसलमानांना हिंदुस्थानीतून म्हणजे उर्दूतून शिकवावे, अशी त्याची शिफारस होती. मात्र जेथे मुसलमान समाजालाच दुसरी भाषा हवी असेल तेथे ती असावी, असा अपवादही त्याने ठेवला होता. पुढे शिफारस लक्षात राहिली आणि अपवाद विसरला गेला. त्याआधीच १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली होती. या संस्थेने आणि पुढे मुंबई महापालिकेच्या उर्दू शाळांनी हजारो गरीब मुलांना अक्षर दिले. आम्ही स्वतः याच शाळांचे फळ आहोत, म्हणून उर्दू माध्यमाला बोल लावण्याचा आमचा हेतू नाही. पण 'मुसलमान म्हणजे उर्दू आणि मराठी म्हणजे हिंदू' हे समीकरण या दीडशे वर्षांत पक्के होत गेले, हे नाकारता येत नाही.

समीकरण चुकीचे आहे, हे शिरगणतीचे आकडेच सांगतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमानांची संख्या सुमारे १ कोटी ३० लाख होती. मातृभाषा उर्दू सांगणारे सुमारे ७५ लाख. उर्दू सांगणारे सगळेच्या सगळे मुसलमान धरले तरी ५० लाखांहून अधिक मुसलमान उरतात, ज्यांनी आपली भाषा मराठी, हिंदी, कोकणी किंवा आणखी काही सांगितली. पन्नास लाख माणसे म्हणजे अपवाद नव्हे!

आणि ही काही आजची गोष्ट नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत लिहीत होते, हुसेन अंबरखान गीतेवर मराठी टीका करीत होते. विसाव्या शतकात शाहीर अमर शेखांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राची मैदाने भरली. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई मराठी कथेत कोकणी मुसलमानाचे घर घेऊन आले. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते याच जाणिवेतून. तेव्हा परंपरा नव्हती असे नाही. परंपरा होती, पण रकाना नव्हता.

शिळाछाप, कातिब आणि संगणक

रकाना केवळ सरकारच तयार करते असे नाही. छपाईचे यंत्रही तयार करते. मुंबईत १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापले ते शिळाछापावर. पुढे मराठीने धातूचे खिळे स्वीकारले. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देवनागरीला देखणा टाईप दिला. उर्दूची नस्तालीक लिपी मात्र खिळ्यांत नीट बसेना. तिची अक्षरे तिरकी उतरतात, एकमेकांवर चढतात, शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतात. म्हणून उर्दू शिळाछापावरच राहिली आणि कातिबाच्या बोटांवर जगली. मुंबईत १९३८ साली सुरू झालेल्या 'इन्किलाब'सारख्या दैनिकांमागे कितीतरी वर्षे कातिबांची हस्तलिखित पाने होती.

१९८१ साली कराचीचे मिर्झा अहमद जमील यांनी ब्रिटनच्या मोनोटाईप कंपनीबरोबर 'नूरी नस्तालीक' तयार केले. त्यांनी हजारो जोडाकृती हाताने लिहिल्या आणि त्या यंत्रात भरल्या. लाहोरचे 'जंग' हे दैनिक त्यात निघू लागले. १९९४ साली दिल्लीहून 'इनपेज' आले आणि मुंबईच्या छापखान्यांतून कातिब हळूहळू उठले.

आमच्या चाळीत असेच एक बुजुर्ग कातिब होते. सगळे त्यांना मामू म्हणत. काम गेल्यावर ते लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या लिहीत. आम्ही बी.एड. करीत असताना एकदा त्यांना विचारले, "मामू, कॉम्प्युटरने तुमची रोजी घेतली, राग नाही येत?" ते म्हणाले, "राग कसला मास्तर? त्याच्या पोटात कुणा कातिबाचाच हात आहे. वाईट एवढेच वाटते, की आता सगळ्यांचा हात एकच झाला."

'सगळ्यांचा हात एकच झाला'. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर आम्ही पुष्कळ वाचले, पण मामूंच्या या वाक्याइतके नेमके क्वचितच सापडले.

मराठीच्या बाजूलाही अशीच कथा आहे आणि ती आमच्या उपनगरांतच घडली. जुहूला १९८५ साली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र उभे राहिले. १९८६-८७ च्या सुमारास या केंद्राचा संगणक आणि पवईच्या आयआयटीचा संगणक टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांना निरोप धाडू लागले. हिंदुस्थानातल्या इंटरनेटची ती पहाट होती. संगणकाला ज्ञान कसे शिकवावे, याचा एक राष्ट्रीय प्रकल्प १९८६ मध्ये सुरू झाला, त्यातही हे केंद्र होते. इंग्रजीतून हिंदीत भाषांतर करणाऱ्या यंत्रावर तेथे काम झाले. आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी तेथेच काम करून 'मंगल' हा देवनागरी टंक घडवला, जो विंडोज २००० बरोबर घराघरांत पोहोचला. एका मराठी माणसाच्या हाताचे वळण आज कोट्यवधी पडद्यांवर आहे.

मात्र याच काळात आणखी एक रकाना आखला गेला. भारतीय लिप्यांसाठी संगणकाची जी सांकेतिक प्रणाली १९९१ साली प्रमाण ठरली, तिच्यात ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्या एकत्र बसल्या. देवनागरी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा एका कोष्टकात आल्या. उर्दूची लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी, तिचा स्वभाव वेगळा, म्हणून तिला निराळी प्रणाली ठेवली गेली. तांत्रिक कारण योग्यच होते, यात कुणाचा आकस नव्हता. पण परिणाम पाहा : मराठीचा संगणक एका टेबलावर, उर्दूचा दुसऱ्या टेबलावर. पुढे युनिकोडने दोन्ही लिप्यांना एका छपराखाली आणले, तेव्हा कुठे एका ओळीत दोन्ही लिहिणे सोपे झाले. तरीही आज काही संगणकांवर आम्ही प्रश्नपत्रिका उघडतो तेव्हा उर्दूची अक्षरे सुटी होऊन उलटी पसरतात!

अंदाज बांधणारे यंत्र

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे येऊ. हा शब्दप्रयोग अमेरिकेत १९५६ च्या डार्टमथ परिषदेने रूढ केला. तिच्या मुळाशी असलेला 'अल्गोरिदम' हा शब्द मात्र नवव्या शतकातल्या बगदादचे गणिती अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला, आणि त्यांनी ज्या अंकांवर ग्रंथ लिहिला ते अंक हिंदुस्थानचे होते. हे सांगताना आपली छाती फुगते. पण पूर्वजांच्या नावावर आजचा हिशेब चुकता होत नाही.

आजचे बोलणारे यंत्र चालते कसे? थोडक्यात सांगायचे तर ते प्रचंड मजकूर वाचते आणि एका शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे शिकते. त्याला आजी ठाऊक नसते. 'आजी' या शब्दाच्या आसपास काय काय लिहिले गेले, एवढेच ठाऊक असते. मराठी मजकुरात 'आजी'भोवती तुळस, देवघर आणि हरिपाठ वारंवार आले, म्हणून ते यंत्राने पुढे केले. २०२० साली आलेल्या जीपीटी-३ या यंत्राला जो मजकूर खाऊ घातला, त्यातले सुमारे ९३ टक्के शब्द इंग्रजी होते. जगातल्या बाकी सर्व भाषांनी उरलेल्या सात टक्क्यांत दाटीवाटीने बसायचे होते. त्या दाटीत मराठीला किती जागा मिळाली असेल? आणि मराठीतल्या मुसलमान घराला?

याच यंत्रावर अबूबकर आबिद, माहीन फारुकी आणि जेम्स झोऊ या संशोधकांनी २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. 'दोन मुसलमान एका ठिकाणी शिरले' अशा अर्थाचे अपुरे वाक्य देऊन ते शंभर वेळा पूर्ण करायला सांगितले. शंभरपैकी ६६ वेळा यंत्राने मारहाण, गोळीबार, बॉम्ब असे काहीतरी लिहिले. दुसऱ्या धर्मीयांची नावे घातल्यावर हे प्रमाण पुष्कळ खाली आले. यंत्राला द्वेष कुणी शिकवला? कुणी वेगळा शिकवला नाही. वर्तमानपत्रांत, बातम्यांत, चर्चांत जे साठले होते तेच त्याने ओकले. या अभ्यासाची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. वाक्याच्या आधी मुसलमानांविषयी चांगले विशेषण असलेली एखादी ओळ घातली, की तेच ६६ चे प्रमाण २० पर्यंत उतरले. म्हणजे यंत्रापुढे आधी काय ठेवले आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

आज आमच्या मुलांच्या हातातले यंत्र असे उघड बोलत नाही. आम्ही विचारून पाहिले, ते सभ्यपणे उत्तर देते. पण सभ्यपणाने वगळणे हाही एक प्रकार असतो. पूर्वीच्या यंत्राने आम्हाला वाईट ठरवले, आताचे यंत्र आम्हाला विसरते. मुलीच्या मनावर याचा परिणाम काय होतो? ती म्हणाली, "सर, मराठीत आजी अशीच लिहायची असते ना?" हे वाक्य आम्हाला झोंबले. यंत्राने चूक केली ती दुरुस्त करता येईल. पण मुलीनेच मान्य केले, की मराठी निबंधात तिच्या आजीला जागा नाही, तर ते कसे दुरुस्त करायचे?

आणि हा केवळ शाळेच्या वहीचा प्रश्न नाही. कर्ज कुणाला द्यावे, अर्जांच्या गठ्ठ्यातून कुणाला मुलाखतीला बोलवावे, याचा अंदाजही यंत्रे बांधू लागली आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी 'मार्वल' नावाची संस्था स्थापन केली. गुन्हा लवकर उकलावा हे कुणाला नको आहे? पण नावावरून भाषा, भाषेवरून गाव आणि गावावरून माणूस ठरवणाऱ्या अंदाजाची चूक वहीत लाल शाईने सुधारता येते, चौकीत ती इतकी सहज सुधारत नाही. म्हणून अशा यंत्राच्या अंदाजावर माणसाची सही आणि माणसाची जबाबदारी असलीच पाहिजे, एवढा आग्रह आपण धरला पाहिजे.

कुलूप आपल्याच घराला

येथे थोडे आत्मपरीक्षण करू. आपण लिहिले नाही काय? लिहिले. संमेलने झाली, विशेषांक निघाले, कथा-कविता-आत्मकथने आली. मग यंत्राने ती का वाचली नाहीत? कारण त्यातले पुष्कळसे त्याला वाचताच येत नाही. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ मराठी मासिके, वार्षिके श्रीलिपीसारख्या टंकांत जुळवली जात. कागदावर ती सुरेख दिसतात, पण त्यांची संगणकीय फाईल युनिकोडमध्ये नसते. यंत्राला तेथे 'आजी' दिसत नाही, निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. इनपेजची लिखावटही अशीच स्वतःच्या कोषातली. उर्दू वर्तमानपत्रे कित्येक वर्षे इंटरनेटवर पानांची चित्रे टाकत राहिली. ज्या दोन-तीन दशकांत मराठी मुसलमान सर्वाधिक लिहिता झाला, ती दशके अशी कुलुपात आहेत. काही अंक तर कुणाच्या माळ्यावर वाळवी खाते आहे.

भाषांतराच्या यंत्रांचा क्रमही बोलका आहे. गूगलच्या भाषांतर सेवेत उर्दू २०१० साली आली, मराठी २०१३ साली, कोंकणी २०२२ साली. ती कोंकणी गोव्याची. रत्नागिरी-रायगडच्या मुसलमान घरांतली बोली तीत नाही, सोलापूर-मिरजेची दख्खनीही नाही. शासनाची 'भाषिणी' योजना २०२२ पासून आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांसाठी काम करते. पवईच्या आयआयटीच्या पुढाकाराने २०२४ साली 'भारतजेन' हा भारतीय भाषांच्या यंत्राचा प्रकल्प सुरू झाला. ही संस्था आमच्या शाळेपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. तेथली मंडळी चांगला मजकूर शोधत असताना आपली वार्षिके माळ्यावर पडून राहावीत, यात दोष कुणाचा?

त्या निबंधाचे पुढे काय झाले ते सांगतो. आम्ही वह्या परत दिल्या आणि म्हणालो, मोबाईल वापरा, पण लिहायला नको, रेकॉर्ड करायला. आजीजवळ बसा. ती ज्या बोलीत बोलेल तसे देवनागरीत उतरवा. आजी नसेल तर शेजारच्या आजीकडे जा. आठवडाभराने जे आले ते यंत्राला सुचणे शक्य नव्हते. महाडच्या आजीने नातीला पावसाळ्यासाठी सुकट कशी राखायची ते सांगितले होते. सोलापूरच्या आजीने गिरणीच्या भोंग्यावर घर कसे चाले ते सांगितले. एका मुलाची आजी १९९३ च्या दंगलीनंतर राहते घर सोडून मुंब्र्याला गेली होती. त्याने लिहिले, की आजी अजून जुन्या घराची किल्ली ट्रंकेत ठेवते. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या. आम्ही त्या सुधारल्या, पण बोलीला हात लावला नाही. आता मुलेच ते निबंध युनिकोडमध्ये टंकलिखित करीत आहेत, आणि टंकलेखनात त्यांना मदत करते आहे तेच यंत्र!

म्हणून यंत्राला शिव्या देऊन भागणार नाही, आणि त्याच्यापुढे मान तुकवूनही भागणार नाही. हंटर आयोगासमोर आपली आजी साक्ष द्यायला गेली नव्हती. शिरगणतीच्या कारकुनाला तिने एका शब्दात उत्तर दिले आणि दार लावून घेतले. संगणकाचे कोष्टक आखले तेव्हा तिला कुणी विचारले नाही. हे नवे यंत्र मात्र अजून शिकते आहे. प्रत्येकाच्या घरात एखादे जुने वार्षिक, एखादी हस्तलिखित वही आणि एखादी बोलकी आजी असेलच. वही आणि वार्षिक थांबतील. आजी थांबेलच असे नाही. तिच्यापासून सुरुवात करावी.